तास सोडणे आणि देहभान सोडणे

इंग्रजी भाषेत 'डेलिरिअम' असा एक शब्द आहे. तापाच्या भरात रोगी बरळू लागला, घरच्या माणसांना ओळखेनासा झाला, की डॉक्टर हा शब्द वापरतात. आणि मैदानावर आपला संघ जिंकल्यावर लोक टोप्या उडवू लागले, बेभान होऊन एकमेकांच्या गळ्यात पडू लागले, तर इंग्रजी वर्तमानपत्रे त्यांच्याबद्दलही याच शब्दाचे रूप वापरतात. एकच शब्द रोगालाही लागतो आणि अनावर आनंदालाही लागतो.

आता वारकऱ्यांच्या मासिकात या परक्या शब्दाचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगाच्या गजरात डोळे मिटून नाचणारा म्हातारा पाहिला, की शहरातला शिकलेला माणूस हळूच पुसतो, "बुवा, ही भक्ती म्हणायची की भ्रम?" हा प्रश्न रागावून झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्या मुलांनाही तो पडतो, आणि खरे सांगायचे तर कधी कधी आपल्यालाही पडतो. त्याचे उत्तर शोधताना हा परका शब्द आपल्या कामी येतो, कारण त्याचा जन्म शेतात झालेला आहे आणि आपण वारकरी बहुतेक शेतकरीच.

लॅटिन ही प्राचीन रोमन लोकांची भाषा. तिच्यात 'लीरा' म्हणजे नांगराने पडलेले तास, किंवा दोन तासांमधला मातीचा वरंबा. 'दे' म्हणजे पासून, बाहेर. जो 'दे लीरा' गेला तो तासाबाहेर गेला. बैल बुजला किंवा नांगऱ्याचे लक्ष उडाले, की फाळ सरळ तास सोडून भलतीकडे जातो. हे पाहूनच रोमन शेतकऱ्याने म्हटले असावे, की अमक्याची बुद्धी तासाबाहेर गेली. आपण नाही का म्हणत, "गडी वाटेवरून उतरला" म्हणून? तीच ही गोष्ट.

प्लिनी नावाचा एक मोठा रोमन ग्रंथकार होऊन गेला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्यात तो गेला. त्याच्या निसर्गविषयक ग्रंथाचा अठरावा भाग शेतीवर आहे. त्यात नांगरणीची माहिती देता देता त्याने दोन शब्दांची मुळे सांगितली आहेत. पहिली गोष्ट अशी, की नांगरणारा वाकून चालला नाही तर त्याचे तास वाकडे जाते. या वाकडेपणाचा शब्द पुढे न्यायसभेत शिरला आणि आपल्या अशिलाला फसवून आतून विरुद्ध पक्षाला मिळालेल्या वकिलाला लागला. दुसरी गोष्ट आपल्या शब्दाची. बी पेरल्यावर फळी फिरवून ते मातीने झाकायचे असते. हे झाकणे राहून गेले, बी उघडे पडले, तर त्या चुकीला आधी हा शब्द होता, असे त्याच्या वाक्यावरून दिसते. पुढच्या कोशकारांनी मात्र नांगर तासाबाहेर जाणे हाच अर्थ धरला. कोणताही अर्थ घ्या, दोन्ही शेतकऱ्याचेच. वाकणे आणि बी झाकणे, या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

भाषापंडित याहूनही एक गोड गोष्ट सांगतात. शिकणे या अर्थाचा इंग्रजी शब्द 'लर्न'. तो आणि 'लीरा' हे एकाच फार जुन्या धातूपासून निघाले आहेत, आणि त्या धातूचा अर्थ माग, पाऊलवाट, तास असा होता. म्हणजे पाहा, शिकणे हे मुळात मागावरून चालणे, आणि भ्रम होणे हे मागावरून उतरणे. विद्या आणि भ्रांती एकाच घरच्या लेकी. आपल्याकडेही हा विचार परका नाही. पंथ म्हणजे वाट. संप्रदायाला आपण वारकरी पंथ म्हणतो, म्हणजे पुढे गेलेल्यांच्या पावलांनी पडलेली वाट म्हणतो. आणि संस्कृतात नांगराच्या तासाला काय म्हणतात, ठाऊक आहे ना? सीता! ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात क्षेत्रपतीच्या सूक्तात या सीतेची प्रार्थना आहे. जनकराजाला भूमी नांगरताना जी कन्या मिळाली, तिचे नाव तासावरूनच पडले. ज्या भूमीत तासाला देवी मानले, तिथे तास सोडण्याचा दोष निराळा सांगायला नको.

हा शब्द शेतातून वैद्याच्या घरी गेला. केल्सस नावाच्या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात वैद्यकावर ग्रंथ लिहिला, त्यात तापातल्या बरळण्याला त्याने हा शब्द योजला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला आणि पुढच्या शतकात अनावर हर्षालाही लागू झाला. १८१३ साली टॉमस सटन या इंग्रज वैद्याने दारुड्यांना होणाऱ्या भ्रमावर पुस्तक लिहिले. फार दिवस दारू पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, की त्याचे हातपाय थरथरतात, नाही ते दिसू लागते, जिवावर बेतते. त्या रोगाच्या नावातही हाच शब्द आहे. आपल्या आयुर्वेदात सन्निपात ज्वराची लक्षणे सांगताना प्रलाप, म्हणजे बरळणे, सांगितले आहे. खेड्यात लोक 'वात झाला' म्हणतात ते हेच.

असो. शब्दाची कुळकथा झाली. आता मूळ प्रश्नाकडे वळू.

येथे कोणी शंका घेईल, की महाराज, तास सोडणे हा जर भ्रम, तर भक्ताचे देहभान हरपणे हा भ्रम का नव्हे? भक्तानेही व्यवहाराचे तास सोडलेलेच असते. त्याला भूक कळत नाही, लाज कळत नाही, आपपर कळत नाही. रोग्यालाही कळत नाही. मग दोघांत फरक तो काय? एकाला आपण माळ घालायची आणि दुसऱ्याला दवाखान्यात न्यायचे, हे कोणत्या न्यायाने?

शंका खरी आहे, आणि तिला उत्तर देताना आपल्या घरातली सगळ्यांत अवघड कथा बाजूला ठेवता येणार नाही. ती तेरच्या गोरोबाकाकांची. काका चिखल तुडवीत होते. मुखी नाम, डोळे मिटलेले, देहभान नाही. रांगते मूल पायाशी आले आणि चिखलात तुडवले गेले. आईने येऊन पाहिले तो चिखल लाल झालेला. कीर्तनात ही कथा लागली, की श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते. पण डोळे पुसून झाल्यावर विचार करावा, की यातून शिकायचे काय? देवाच्या नावाने बेभान झाले म्हणजे लेकरू तुडवले तरी चालते, असे का ही कथा सांगते?

मुळीच नाही. कथा चिखलापाशी संपत नाही, हे ध्यानात घ्या. संतीबाईचा आक्रोश कथेत आहे, तो कोणी गाळलेला नाही. आपल्या पूर्वजांनी, हा नवऱ्याच्या भक्तीच्या आड आला, म्हणून तिला दोष दिला नाही. आणि शेवटी पंढरीला नामदेवरायांच्या कीर्तनात ते मूल परत येते, तेव्हाच कथा पुरी होते. म्हणजे देवालासुद्धा ते मूल परत द्यावे लागले! भक्ताच्या बेभानपणाने झालेली हानी देवाने भरून काढली, तेव्हा कुठे कथेचे समाधान झाले. ती हानी तशीच राहिली असती, तर ही कथा आपण भक्तीची म्हणून सांगितली असती का? आपल्या हातून तुडवले गेलेले परत आणणे आपल्याला साधणारे नाही. म्हणून काकांची तंद्री आपण वंदावी आणि आपले डोळे उघडे ठेवून चिखल तुडवावा, हेच शहाणपण.

दुसरी कथा याच काकांची, आणि ती पहिलीचा अर्थ उलगडणारी आहे. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी विचारले, काका, यातले मडके कोणते पक्के आणि कोणते कच्चे? काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले. बाकीचे स्थिर राहिले. नामदेवराय मात्र चिडले, आणि काकांनी निर्णय दिला, की हे मडके कच्चे. अहो, कोणाला कच्चे म्हटले? ज्याच्या हातून देव जेवला त्याला! पंढरीनाथाशी ज्याचे रोजचे बोलणे, ज्याचे प्रेम सगळ्यांत अनावर, त्याला! संप्रदायाने आपल्या सर्वांत लाडक्या भक्ताविषयी ही कथा जपून ठेवली, यात फार मोठा विवेक आहे. प्रेमाचा भर म्हणजे पक्केपणा नव्हे. दुसऱ्याचे थापटणे सोसता येते की नाही, यावर पक्केपण ठरते. पुढे नामदेवराय विसोबा खेचरांकडे गेले, वाकले, आणि मग जे झाले ते जगाला ठाऊक आहे.

हा प्रश्न आपल्याच वाट्याला आला असेही नाही. १७३९ साली इंग्लंडात जॉन वेस्ली नावाचे धर्मोपदेशक ब्रिस्टल शहराजवळ उघड्या रानात कोळशाच्या खाणीतल्या मजुरांना प्रवचने सांगू लागले. ऐकणारे रडत, ओरडत, कित्येक जमिनीवर पडत. शिष्ट लोकांनी नाके मुरडली आणि या मंडळींना वेडात काढले. त्या काळी 'एन्थुझिअ‍ॅझम' हा इंग्रजी शब्द शिवीसारखा वापरीत. आज त्याचा अर्थ नुसता उत्साह असा आहे, पण त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ, ज्याच्या आत देव आहे तो, असा होतो. ज्याच्या आत देव, त्यालाच लोकांनी खुळा ठरवले! वेस्लींनी काय केले? त्यांनी या आरोपावरच एक प्रवचन १७५० साली छापले आणि खरी भक्ती कोणती व नुसता भ्रम कोणता, हे आपल्याच माणसांना बजावले. त्याआधी १७४२ पासून त्यांनी भाविकांचे लहान लहान गट बांधले. दर आठवड्याला एकत्र बसायचे, आपले आचरण एकमेकांपुढे मांडायचे. म्हणजे पूर आला, तेव्हा त्यांनी पाट खणले.

आपल्याकडे हे काम आरफळच्या हैबतबाबांनी केले. शिंद्यांच्या पदरी सरदारी केलेला हा पुरुष. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला लष्करासारखी शिस्त लावून दिली. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, विणेकऱ्याचा मान, चोपदाराचा दंड, सारे ठरलेले. ज्यांनी मुक्कामावरची समाजआरती पाहिली आहे, त्यांना सांगायला नको. दिंड्या गोलाकार उभ्या, टाळांचा कल्लोळ चाललेला. चोपदार दंड उंच करतो आणि क्षणात सगळे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, मिटवतो. त्यानंतर हरवले-सापडले सांगायचे, उद्याच्या निघण्याची वेळ सांगायची, मग आरती. आता मला सांगा, तासाबाहेर गेलेल्या माणसाला दंड दिसतो का? तापात बरळणाऱ्याला 'गप बैस' म्हटल्याने तो गप्प बसतो का? इतके हजारो लोक दिवसभर नाचून गाऊन बेभान झालेले, आणि एका दंडासरशी शांत होतात. हे भान हरपणे निराळ्या जातीचे आहे, याला दुसरा पुरावा कशाला?

रिंगणाचेही तेच. माउलींचा अश्व मोकळा सुटतो, वाऱ्यासारखा धावतो, पण धावतो रिंगणातच. रिंगण नसते तर त्या धावण्याला कोणी माउलींचा अश्व म्हटले नसते, उधळलेला घोडा म्हटले असते. वेग तोच.

तेव्हा भक्ती आणि भ्रम यांची पारख कशी करावी? प्लिनीने सांगितलेल्या शेतीच्या दोन गोष्टी येथे उपयोगी पडतात, आणि तिसरी आपला कोणताही नांगऱ्या सांगेल.

पहिली पारख वाकण्याची. नांगरणारा वाकला नाही तर तास वाकडे जाते. वारीत लहान मोठा, ज्ञानी अडाणी, सगळे एकमेकांच्या पाया पडतात. ही नुसती रीत नव्हे, हे तास सरळ ठेवणे आहे. बेभान होऊन जो अधिक वाकतो तो तासात आहे. बेभान होऊन ज्याची मान ताठ होते, 'मी देव झालो, मला सगळे माफ' असे जो म्हणू लागतो, त्याचा फाळ बाहेर गेला, मग त्याच्याभोवती कितीही गर्दी असो.

दुसरी पारख बी झाकण्याची. उघडे पडलेले बी पाखरे खातात. नामाचे बीही अंतःकरणात झाकावे लागते. आजकाल हातात यंत्र धरून, आपणच आपले चित्र घेत नाचणारे पुष्कळ दिसतात. त्यांच्यावर रागावू नये. पण पेरणीनंतर फळी फिरवायची राहिली, एवढे मायेने सांगावे.

तिसरी पारख परतण्याची. नांगर बांधापर्यंत जातो, वळतो आणि पहिल्या तासाशेजारी दुसरे तास धरून परत येतो. भक्त भान हरपून वर जातो, आणि परत येऊन पुढच्या तासाला लागतो. कीर्तनात रडलेला माणूस घरी गेल्यावर भावाचा बांध कोरीत नाही ना? सुनेशी गोड बोलतो ना? सावकाराच्या वहीत खोटे लिहीत नाही ना? ही पारख बाहेरच्या कोणी करायची नाही, ज्याने त्याने आपापली करायची.

आता या विवेकाला जिवाचे मोल कसे आहे, ते सांगून थांबतो. ज्येष्ठ-आषाढात पाऊस लांबला की वारीत ऊन फार तापते. एखादा वृद्ध वारकरी चालता चालता असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो, कोणाला ओळखत नाही. भोवतालचे भाविक हात जोडतात, म्हणतात, "यांना माउलींचा साक्षात्कार झाला, हात लावू नका." अहो, हात लावा! आधी अंग चाचपून पाहा. उष्माघातात शरीराचा ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि बुद्धीला भ्रम होतो. हाच तो डॉक्टरांचा 'डेलिरिअम'. अशा माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतावे, ओल्या फडक्याने पुसत वारा घालावा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तो पुरता शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. तीर्थसुद्धा ओतू नये. विठोबा रागावणार नाही.

घरीही असेच घडते. कालपर्यंत धड असलेली आजी आज एकाएकी बरळते, संध्याकाळ झाली की वाढते, सकाळी बरी वाटते. कोणी म्हणते बाहेरचे झाले, कोणी म्हणते अंगात आले, आणि देवऋषाला बोलावणे जाते. म्हातारपणाचा विसराळूपणा हळूहळू येतो, हा प्रकार काही तासांत किंवा दिवसांत येतो. लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, शरीरातले पाणी किंवा मीठ कमी होणे, साखर उतरणे, एखादे औषध न मानवणे, अशी याची कारणे असतात. कारण सापडून त्यावर वेळीच उपचार झाले, की पुष्कळदा माणूस पुन्हा तासाला लागतो. तसेच, माळ घालून दारू सोडायला निघालेल्याला कुटुंबाने जपावे. फार दिवसांची दारू तोडायची तर डॉक्टरांच्या नजरेखाली तोडावी. माळेचा निश्चय आणि वैद्याचे औषध यांत वैर नाही.

आणि गर्दीविषयी एक शब्द. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक भाविक चेंगराचेंगरीत आणि आगीत गेले. त्यांतला कोणीही वेडा नव्हता. पण गर्दीला स्वतःचे तास नसते, ते आधी पाडून ठेवावे लागते. म्हणून चोपदाराचा दंड, पोलिसाची शिट्टी आणि स्वयंसेवकाची दोरी यांना आपण देवकार्यच समजावे. अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावायला धावताना पुढच्याला तुडवले, तर ती माती कोणत्या तोंडाने लावायची? गोरोबाकाकांचे मूल देवाने परत दिले. आपल्या पायाखाली आलेले मूल आपण कोठून आणणार?

तात्पर्य, रोमन शेतकऱ्याने भ्रमाला तासाबाहेर जाणे म्हटले ते बरोबरच होते. आणि वारकऱ्याचे देहभान हरपते तेही खरे. पण त्याचा 'मी' हरपतो, तास हरपत नाही. म्हणून त्या शहरातल्या भल्या माणसाने पुन्हा विचारले, की ही भक्ती की भ्रम, तर वाद घालू नये. त्याला म्हणावे, "माउली, चार मुक्काम आमच्या दिंडीत चाला. आम्ही नाचतो तेही पाहा आणि रात्री थकल्यावर एकमेकांचे पाय चेपतो तेही पाहा. मग तुमचे तुम्हीच ठरवा."

॥ रामकृष्णहरि ॥